हवेचा हिशेब

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासीत आलेल्या मनुष्याला आपली बेरीज कोणाकडून तपासून घ्यावी असे सहसा वाटत नाही. आमची छत्तीस वर्षांची नोकरी लेखापरीक्षणात गेली. आरंभ नागपुरास, मध्य ग्वाल्हेरीस आणि शेवट दिल्लीत. निवृत्तीनंतर नागपुरास परत जावयाचे असे दर वर्षी ठरते आणि दर वर्षी राहून जाते. या राहण्याचे कारण विचारल्यास आम्ही सरकारी दवाखान्याकडे बोट दाखवितो. केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ साली याच शहरात सुरू झाली. ती आता नागपुरातही आहे हे आम्हांस ठाऊक नाही असे नाही. पण कारण एकदा सांगितले म्हणजे ते पुढे चालवावे लागते, हे वाचकांपैकी अधिकारी मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही.

सौ.ना मधुमेह जडून वीस वर्षे झाली. गोळ्यांचे दिवस संपले आणि इन्सुलिन सुरू झाले, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिले : सकाळी न्याहारीपूर्वी १८ युनिट, रात्री जेवणापूर्वी १२, आणि महिन्याला कार्ट्रिज चार. कार्ट्रिज म्हणजे पेनात बसवावयाची बोटाएवढी काचेची नळी. तिच्यात ३ मिलिलिटर औषध असते आणि दर मिलिलिटरला १०० युनिट. म्हणजे एका नळीत ३००. दवाखान्याच्या खिडकीपर्यंत रांग पोहोचण्यापूर्वीच आमचा हिशेब झाला होता. अठरा आणि बारा तीस, तीस दिवसांचे नऊशे, नळ्या तीन. बाकी शून्य. मग चौथी कशासाठी?

खिडकीत गढवालकडील एक प्रौढ फार्मासिस्ट बसतात. आम्ही त्यांना तीनच द्या म्हणून सांगितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि "डॉक्टर साहब ने चार लिखा है" एवढेच म्हटले. आम्ही कागदावर भागाकार करून दाखविला. मागे रांग मोठी होती. त्यांनी तीन दिल्या. सरकारची दरमहा एक नळी वाचविल्याचे समाधान खिशात घालून आम्ही द्वारकेस घरी परतलो.

पेनाबरोबर एक कागद येतो. त्यावर लिहिले होते, की दर खेपेस नवी सुई लावावी, दोन युनिट हवेत सोडावे, टोकाशी थेंब दिसला म्हणजे मग टोचावे. आम्ही तो कागद वाचला होता, हे येथे मुद्दाम नमूद करतो. परंतु दिवसाचे चार आणि महिन्याचे एकशेवीस युनिट हवेत उडविण्याची तरतूद आमच्या नऊशेंत नव्हती. आणि तरतूद नसलेला खर्च नामंजूर करावा, हे आमचे सर्व शिक्षण. आम्ही तो नामंजूर केला. त्याच ओघात सुईही चार-चार दिवस तीच ठेवली आणि सुई लावलेले पेन तसेच फ्रिजमध्ये ठेवू लागलो.

दोन महिन्यांत सौ.ची साखर चढू लागली. जेवणात काही बदल नव्हता. मंडळाच्या गणेशोत्सवातला मोदकसुद्धा त्यांनी अर्धाच खाल्ला होता. डॉक्टरांनी मात्रा वाढवून २२ आणि १६ केली. आम्ही नवा हिशेब मांडला : अडतीस गुणिले तीस, अकराशेचाळीस; आता मात्र चार नळ्या. अडचण एवढीच, की तीनशेला अडतीसने भाग जात नाही. नळीच्या अखेरीस दहा-बारा युनिट उरत. तेही वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही आधी उरलेले टोचीत असू आणि मग नवी नळी चढवून बाकीचे. सौ. काही बोलत नसत.

मे महिन्यात मुलगी पुण्याहून आली. त्या रात्रीचे इन्सुलिन तिने दिले. इन्सुलिन मिश्र, म्हणून पेन तळहातांत घोळवून घेतले, नवी सुई लावली, दोन-चार वेळा कळ दाबून थेंब पाहिला आणि सोळा टोचले. रात्री तीनच्या सुमारास आम्हांस जाग आली ती शेजारचा पलंग हलत होता म्हणून. सौ.च्या अंगाला घाम सुटला होता, हात थरथरत होते, आणि त्या आमच्याकडे पाहून ग्वाल्हेरच्या घरमालकिणीचे नाव घेऊन काही विचारीत होत्या. मुलीने बोट टोचून पाहिले, साखर ४८. कोणी साखरेचे पाणी केले, कोणी पेला धरला, हे आता आठवत नाही. पंधरा मिनिटांनी आकडा ९० च्या वर गेला आणि सौ.नी विचारले, की सगळे उठून का बसला आहात? मग मुलगी आमच्याकडे वळली. "बाबा, तुम्ही रोज हवा काढत नाही का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मात्रा पूर्वीवर आणली आणि पेनाचे सर्व नीट समजावून घ्यावे म्हणून आम्हांस त्याच खिडकीकडे पाठविले. दुपारची वेळ होती, रांग नव्हती. फार्मासिस्टांनी आम्हांस आत बोलावून बसविले. सुई लावून पेन थंडीत ठेवले की आतले औषध आकसते आणि सुईतून हवा आत ओढली जाते, असे त्यांनी सांगितले. मग आम्ही खिडकीवर अठरा फिरवीत होतो, पण आत अठरा जात होते असे नाही. कधी किती, ते त्या बुडबुड्यालाच ठाऊक. डॉक्टरांनी मात्रा वाढविली ती त्या चुकीच्या मापावर, आणि मुलीने ती वाढीव मात्रा पुरीच्या पुरी पोचविली. "साहब, हवा का भी हिसाब होता है," ते म्हणाले. आवाजात टोचणी मुळीच नव्हती. ती असती तर बरे वाटले असते.

त्यांनी जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर मांडून दाखविले : वीस आणि चौदा चौतीस, महिन्याचे एक हजार वीस, म्हणजे तीन नळ्यांत भागत नाही. डॉक्टर चुकले नव्हते. मग, श्रोता मिळाला म्हणून असेल, ते आपल्या विद्येबद्दल बोलू लागले. केवळ भागाकाराने येथे चालत नाही. एखाद्या वृद्ध बाईंना रात्री आठच युनिट असतात. ४० युनिटवाली १० मिलिलिटरची कुपी, म्हणजे चारशे युनिट, भागाकाराने त्यांना पन्नास दिवस पुरेल. पण बहुतेक इन्सुलिने उघडल्यानंतर चार आठवडे, काही सहा, एवढीच चालतात. तेव्हा युनिटांचे दिवस आणि मुदतीचे दिवस दोन्ही काढावयाचे आणि कमी निघेल तो आकडा खरा धरावयाचा. कुपीसाठी लाल टोपणाची सिरिंज, कारण ती ४० च्या मापाची. नारिंगी टोपणाची १०० च्या मापाची. पेनाच्या नळीतले औषध कोणी लाल सिरिंजने ओढले तर अडीचपट मात्रा जाते. हे ऐकताना आदल्या रात्रीचे ४८ आमच्या डोळ्यांपुढे आले. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या नव्या इंजेक्शनांचा हिशेब मात्र त्यांना अगदीच सोपा वाटतो : चार मात्रांचे एक पेन, अठ्ठावीस दिवस, "उसमें तो कुछ है ही नहीं."

युनिट या शब्दाची उत्पत्ती आम्ही पुढे वाचून काढली. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले, आणि जानेवारी १९२२ मध्ये ते लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास प्रथम टोचले गेले. तेव्हा ते तोलण्याचे साधन नव्हते. उपाशी सशाची साखर किती उतरते यावरून युनिट ठरविले. आज एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम. आम्ही काटकसर करीत होतो ती या परिमाणाची.

तथापि सवय जात नाही. घरी येऊन आम्ही पाच महिन्यांचा तक्ता केला. दरमहा एक हजार वीस, म्हणजे पाच महिन्यांचे पाच हजार एकशे. बरोबर सतरा नळ्या. पहिल्या महिन्यास चार, दुसऱ्यास तीन, तिसऱ्यास चार, मग तीन, मग तीन. आणि अखेरची शिल्लक शून्य. असा सुबक तक्ता आम्ही नोकरीतही क्वचितच केला असेल. पुढल्या महिन्यात तो खिडकीतून आत सरकविला. फार्मासिस्टांनी तो आस्थेने वाचला, शाबासकीही दिली, आणि मग विचारले, "और आख़िरी आठ यूनिट का क्या करते हैं?"

त्यांचे म्हणणे असे, की तीनशेतून आठ दिवस आणि एक सकाळ एवढेच निघते. मग उरतात आठ, आणि रात्रीला हवेसकट चौदा लागतात. पुढच्या नळीत तसेच चौदा उरतात आणि सकाळला वीस लागतात. एका नळीच्या टोचण्या सतराच. महिन्याच्या साठ टोचण्यांना साडेतीन नळ्या, पाच महिन्यांना सतरा नव्हे, अठरा. आम्ही म्हणालो, की उरलेले आम्ही वाया घालवीत नाही. आधी ते टोचतो आणि मग बाकीचे नव्या नळीतून. ते थोडा वेळ गप्प राहिले. "मतलब माताजी को दो बार?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता आमच्या तक्त्यातल्या तिनाचे चार केले.

त्या महिन्यातली पहिली नळी नवव्या दिवशी रात्री संपत आली. आत आठ युनिट दिसत होते. आम्ही ती बाजूस ठेवली, नवी चढविली, सुई बदलली, दोन युनिट सोडून थेंब पाहिला आणि बारा टोचले. सौ. पदर तसाच बाजूस धरून बसल्या होत्या.

"दुसरी?" त्यांनी विचारले.

"दुसरी नाही," आम्ही म्हणालो, आणि पाने वाढावयास सांगितली.