धावपट्टीखालची वाट

युरोप ट्रिप म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, स्विस, फार तर प्राग. मी बॉस्नियाचं तिकीट काढलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न, ‘तिथे अजून युद्ध चालू नाही ना गं?’

नाही. ते १९९५ मध्येच थांबलं. पण सारायेव्होत ते सारखं पायाखाली येतं, अगदी शब्दशः! फुटपाथवर उखळी तोफांच्या गोळ्यांनी पडलेल्या खुणा काही ठिकाणी लाल रेझिनने भरल्यात. लोक त्यांना ‘सारायेव्होचे गुलाब’ म्हणतात. पहिला ‘गुलाब’ मी बाजारात कॉफी ढोसून बाहेर पडताना चक्क तुडवला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून ब्युतमिरला निघाले. भुयार बघायला. टॅक्सीवाले काका बाबांपेक्षा थोडे लहान असतील. इंग्रजी मोडकं, पण गप्पा फर्मास.

आधी थोडा भूगोल. शहर वाटीच्या तळाशी, भोवतीच्या डोंगरांवर सर्ब फौजेच्या तोफा. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, असा जवळजवळ चार वर्षांचा वेढा. या वेढ्याला एकच फट, ती म्हणजे विमानतळ. तो जून १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात. पलीकडे ब्युतमिर आणि इग्मान डोंगर, म्हणजे बॉस्नियाच्या सैन्याच्या हातातला भाग. लोक रात्री धावपट्टी ओलांडायला पळायचे आणि गोळ्या खाऊन पडायचे. मग ठरलं, वरून नाही तर खालून! मार्च १९९३ पासून दोन्ही टोकांनी खणायला सुरुवात झाली. तीही कुदळ-फावड्यांनी, रात्रंदिवस, पाळ्यांमध्ये. ३० जुलैला दोन्ही बाजू एकमेकांना भेटल्या. लांबी सुमारे ८०० मीटर.

ब्युतमिरचं तोंड एका साध्या घरात उघडतं. दर्शनी भिंतीवर अजून गोळ्यांचे व्रण आहेत. आता तिथे म्युझियम आहे आणि मूळ भुयाराचा वीस-पंचवीस मीटरचा तुकडा चालायला खुला आहे. रुंदी मीटरभर, उंची साधारण १.६ मीटर. माझी उंची पाच फूट चार इंच, त्यामुळे मी कशीबशी मावले. पुढचा उंचापुरा जर्मन मात्र अर्धा वाकून चालला होता. खाली ट्रॉलीचे रूळ, बाजूला लाकडी खांब. मी सवयीने मोबाइल काढला, सेल्फी घेतला. मिनिटभरात बाहेर! खरं सांगू? ‘एवढंच?’ असं वाटलं.

परत टॅक्सीत बसले तर काका म्हणाले, ‘मी यातून बटाटे आणलेत. तेलाचे कॅनही. पाठीवर पन्नास किलो, पायाशी गुडघाभर पाणी.’

मी सेल्फी हळूच बंद केला.

आतून माणसं, जखमी, शस्त्रं, धान्य, शेळ्यासुद्धा गेल्या. पुढे वीज आणि टेलिफोनच्या केबल आल्या, इंधनाची नळीही आली. हे सगळं म्युझियममध्ये लिहिलंय. मला पडलेला प्रश्न मात्र तिथे कुठे नव्हता. बाहेर पडल्यावर इग्मान ओलांडून पळून जाता आलं असतं ना? मग तुम्ही परत आत का यायचात?

काका बराच वेळ बोललेच नाहीत. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजला.

‘आई आत होती,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘आणि तिला बटाटे लागायचे ना!’ असं म्हणून स्वतःच हसले.

हॉटेलपाशी उतरताना मीटरपेक्षा जास्त पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. सुट्टे मोजून परत दिले.

दोन दिवसांनी माझं परतीचं फ्लाइट त्याच विमानतळावरून होतं. विमान धावपट्टीवर वळलं तेव्हा मी काचेला नाक लावून ते घर शोधत होते. दिसलं नाही. सगळी कौलं सारखीच वाटत होती.