ब्रूनोचं जेवण

जर्मन शेफर्डचं पिल्लू मुलाने हट्टाने आणलं. तो शिकायला पुण्याला गेला आणि ब्रूनो माझ्या पगारावर राहिला. कारकुनाने दारी घोडा बांधावा, त्यातलाच प्रकार!

आठव्या महिन्यात ब्रूनो तीस किलोंवर गेला. ऑफिसातल्या एका जाणकाराच्या सल्ल्याने मी महागडी कॅल्शियमची पावडर चालू केली होती. बाळसं पाहून मी खूश. मग एके सकाळी तो मागचा पाय ओढत चालला.

डॉक्टरांनी पावडर तत्काळ बंद केली. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला जादा कॅल्शियम हाडांना बाधतं, आणि जादा वजन सांध्यांना. "बरगड्या हाताला लागायला हव्यात, डोळ्यांना दिसायला नकोत," ते म्हणाले. म्हणजे मी पदरचे पैसे घालून त्याला दुखणं देत होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दीड वर्षाचा होईपर्यंत त्याला मोठ्या जातीच्या पिल्लांचंच तयार खाद्य दिलं, तेही मापून. आता तो तीन वर्षांचा आहे. अर्धं तयार खाद्य, अर्धं घरचं: उकड्या तांदळाचा भात, भोपळा, काटे काढलेले उकडलेले तारले. मीठ-मसाला नाही, कांदा तर मुळीच नाही. शिजवलेली हाडंही नाहीत. दोन वेळा जेवण. जेवल्यावर उड्या बंद, पोटाला पीळ पडण्याची भीती असते. पाय आता ठीक आहे.

श्रावणात आमच्या घरी मासळी वर्ज्य. ब्रूनोचे तारले मागच्या पडवीत वेगळ्या चुलीवर शिजतात आणि सौ. तेवढा वेळ नाकाला पदर लावून पुढच्या दारी तुळशीपाशी उभी राहते.