घाटमाथ्याची हवा, बाजारपेठेचे हात

भीमाशंकरच्या जंगलातून निघालेली वाट डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालत घोडेगावला येते आणि तेथून मंचरच्या बाजारपेठेत उतरते. दोन तासांच्या या प्रवासात हवा पार पालटते. माथ्यावर श्रावणात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. मंचर ओलांडून पूर्वेला जावे तो पावसाकडे डोळे लावून बसलेली शेते लागतात. शेजारच्या जुन्नर तालुक्यातही हेच चित्र आहे. एका टोकाला नाणेघाट आणि माळशेजचे धुके, दुसऱ्या टोकाला आळेफाट्याचा कोरडा वारा. कार्तिकानंतर या पट्ट्यात अशी थंडी पडते की निरोगी माणसाचेही ओठ फुटतात. ज्याला सोरायसिस आहे त्याच्या कोपरांना, गुडघ्यांना आणि टाळूला ऋतू पालटल्याचे दिनदर्शिकेच्या आधी कळते.

निरोगी माणसाच्या त्वचेचा वरचा थर सुमारे महिनाभरात नवा होतो. सोरायसिसमध्ये शरीराचीच संरक्षणव्यवस्था बिथरते आणि हे काम तीन-चार दिवसांत उरकू लागते. अपक्व पेशी वर साठतात, लाल चट्ट्यांवर चंदेरी खवले धरतात. येथे कोणताही जंतू नसतो, त्यामुळे हा विकार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ साली ठराव करून हेच जगाला सांगितले. गावच्या पेठेला मात्र ते अजून सांगत राहावे लागते.

हा प्रदेश व्यापाऱ्यांचा फार जुना. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे, आणि जुन्नरच्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. आज जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील पेठांत जी जैन घरे किराणा, कापड आणि आडत सांभाळतात, त्यांचा व्यवहार अजूनही बराचसा हातानेच चालतो. गादीवर बसणाऱ्याचा हात दिवसभर चारचौघांच्या नजरेपुढे असतो. तो तागडी धरतो, पुडी बांधतो, सुट्टे पैसे परत करतो. त्याच हाताला चट्टे उठले, नखांवर बारीक खड्डे पडले, की एखादे गिऱ्हाईक पैसे हातात न घेता फळीवर ठेवायला सांगते. कोणी भांडत नाही, कोणी काही बोलत नाही; पण संध्याकाळपर्यंत असे तीनदा घडले की माणूस दुसऱ्या दिवशी गादीवर मुलाला बसवतो आणि आपण आत गोदामात हिशेब पाहत बसतो. आजाराने झाले नसते एवढे नुकसान या माघारीने होते.

या भीतीचे मूळ एका शब्दात आहे. जुन्या वैद्यकात ‘कुष्ठ’ म्हणजे केवळ आजचा महारोग नव्हे. चरकाने कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांतल्या एककुष्ठाला माशाच्या खवल्यांची उपमा दिली आहे आणि आजचे वैद्य सोरायसिसची तुलना बहुधा त्याच्याशी किंवा किटिभाशी करतात. ओळीच्या दिवसांत घरोघर सांगितल्या जाणाऱ्या श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेतही हाच शब्द येतो. त्या कथेत सिद्धचक्राच्या आराधनेने रोग गेला, हे सर्वांच्या लक्षात राहते. रोग जाण्याआधी मयणा त्या माणसाची पत्नी होऊन त्याच्या जवळ राहिली, हे तितकेसे लक्षात राहत नाही.

आश्विनातली ओळी येते तेव्हा पाऊस ओसरून हवेतला ओलावा उतरू लागलेला असतो. मेथोट्रेक्सेटसारखे औषध चालू असणाऱ्याने दीर्घ तपस्येपूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण शरीरातले पाणी घटले तर त्या औषधाचा त्रास वाढू शकतो. हे औषध सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. दोन्ही गोष्टी घरातल्या मोठ्यांना ठाऊक असाव्यात.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्याचे नाव औषधी व्यापारात आहे ते हिरड्यामुळे. तेथील आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात आणि तो बाजारात येतो. त्यामुळे ‘डोंगरातले खात्रीचे औषध’ म्हणून हिरड्याचा लेप सुचवणारे भेटतातच. हिरडा गुणी खरा, पण त्यातला तुरटपणा कातडे कमावण्याच्या कामी येतो. आधीच भेगाळलेल्या त्वचेला असा आखडणारा लेप सोसायचा कसा? त्यापेक्षा दुकानातल्याच फळीवरचे साधे खोबरेल बरे. अंघोळ कोमट पाण्याने करावी, बंबातल्या कढत पाण्याने नव्हे. अंग टिपून ते किंचित ओले असतानाच तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. क्रीम घ्यायचे असल्यास अहिंसेच्या दृष्टीने वेष्टन वाचणाऱ्यांनी लॅनोलिन हा शब्द पाहावा. ते मेंढीच्या लोकरीतून काढतात. पेट्रोलियम जेली खनिज आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

दिवाळीच्या उटण्याचा आणि वज्रीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. सोरायसिसच्या त्वचेवर जिथे ओरखडा किंवा घर्षण होते तिथेच नवा चट्टा उठू शकतो, म्हणून खवले खरवडणे हा उपाय नव्हे, आमंत्रण आहे. धुण्याची पावडर आणि मिरची सुटी विकणाऱ्याने आत सुती मोजे घालून वर रबरी मोजे चढवावेत. दिसायला अवघडल्यासारखे वाटते, पण आठवडाभरात गिऱ्हाइकाला त्याची सवय होते.

मलमांची गोष्ट अधिक नाजूक आहे. पूर्वी ओळखीच्या औषध दुकानात सहज मिळणारी स्टेरॉइडची मलमे केंद्र सरकारने २०१८ साली चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. अशी चौदा औषधे होती. योग्य हातात ती उपयोगी आहेत. मनाने वर्षानुवर्षे लावली तर त्वचा पातळ होते. स्टेरॉइडच्या गोळ्या तर एकाएकी थांबवल्यास आजार भडकतो.

अंगभर पसरलेल्या सोरायसिससाठी अतिनील किरणांचा उपचार चांगला ठरतो, पण तो आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने घ्यावा लागतो. जुन्नरहून पुणे नव्वद किलोमीटरच्या पुढे. एकट्याच्या दुकानाला आठवड्यात तीन दिवस कुलूप कसे लावायचे, या हिशेबात उपचार राहून जातात. भावांनी वार वाटून घेतले तरच ते जमते. थंडीतले सकाळचे कोवळे ऊन अनेकांना मानवते, पण भाजेपर्यंत बसणे नको. सकाळी उठल्यावर बोटे किंवा कंबर आखडत असेल तर ते ‘वजन उचलल्याने’ म्हणून सोडून देऊ नये. या आजारात सांध्यांनाही सूज येऊ शकते आणि उशीर झाला तर सांधे वाकडे होतात.

सोरायसिस अनेकदा विशी-तिशीत सुरू होतो, म्हणजे नेमक्या सोयरिकीच्या वयात. मग बायोडाटा मंचरहून अहिल्यानगरला जातो, तेथून सोलापूरला, आणि आजाराचा उल्लेख सोयीस्करपणे गळतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला होईलच असे नाही, हे डॉक्टर समोर बसून समजावून सांगू शकतात. काही घरे आता पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगतात, औषधांची फाइलही दाखवतात. दोन स्थळे त्यामुळे परत जातात. तिसऱ्या घरची आई फाइल मिटून विचारते, थंडीत तेल कोणते लावता?