ढोलकी कुणाच्या हातची?



जयंतीला डीजे हवा की ढोलकी, हा वाद आपल्याकडे दर एप्रिलला रंगतो. आमच्यापुढे तो वेगळ्याच रूपात आला. वस्तीतल्या पोरापोरींनी स्वतः लिहिलेली, स्वतःच चाली लावलेली सात गाणी तयार होती. शिष्यवृत्तीवर, गटारात उतरणाऱ्या बापावर, रमाईवर. पण आमचे ढोलकीवाले दादा कंपनीत रात्रपाळीला लागले. आमचा कार्यक्रम सुरू व्हायचा आणि दादा गेटच्या आत जायचे. मग संगीताचा ट्रॅक संगणकावर करून त्यावर गायचं ठरलं.

पहिल्याच दिवशी एकाने पेनड्राइव्ह आणला. त्यात महागडं सॉफ्टवेअर, क्रॅक केलेलं. "सगळे हेच वापरतात." आम्ही विहारात पंचशील घेतो, न दिलेलं घेणार नाही, हे त्यातलं दुसरं शील. आपल्या शाहिरांची गाणी त्यांचं नाव न घेता कुणी विकली की आपण चिडतो. मग दुसऱ्याची मेहनत उचलायची मुभा आपल्याला कुणी दिली? पेनड्राइव्ह परत गेला.

पुढे मोफत पर्याय तपासले. ऑडॅसिटीत आवाज रेकॉर्ड करणं, कापणं सोपं. पण ठेका रचायला ते अपुरं पडलं. एलएमएमएसमध्ये ठेका झकास रचता येतो. पण त्यात थेट आवाज रेकॉर्ड करायची सोय आम्हाला मिळाली नाही. बँडलॅब मोबाइलवरही चालतं, दोन गावांतली पोरं एकाच गाण्यावर काम करू शकतात. पण त्याला नेट लागतं. शेवटी रीपर घेतलं. 60 दिवस वापरून पाहता येतं, नंतर छोट्या वापरासाठीचा परवाना 60 डॉलरचा. वर्गणी काढली. जुन्या लॅपटॉपवरही ते नीट चालतं.

खरी अडचण पुढेच होती. तयार लूप जोडून पहिला ट्रॅक केला. दणदणीत झाला, पण शब्द ऐकूच येईनात! शिवाय आमची निम्मी गाणी सहा मात्रांच्या दादऱ्यात आणि हाती आलेले बहुतेक लूप चारच्या हिशोबातले. गाणं लूपमध्ये बसवायला एका पोरीने कडव्यातला 'बाप' हा शब्दच गाळला. तिथे आम्ही थांबलो. सॉफ्टवेअरसाठी आपला शब्द कापायचा असेल, तर हे गाणं कुणाचं?

म्हणून सुट्टीच्या दिवशी दादांनाच बोलावलं. दादरा, केरवा, संथ आणि चढ्या लयीत, गाणाऱ्या पोरीच्या सुरात ढोलकी लावून रेकॉर्ड करायचं ठरलं. दादांनी वादी ओढता ओढता विचारलं, "म्हणजे आता मला बोलवायची गरज नाही ना?"

कुणाकडेच लगेच उत्तर नव्हतं. कारखान्यात यंत्र येतं तेव्हा मजुराचं काय, हा प्रश्न आपण भाषणात विचारतो. इथे यंत्र आम्ही आणलं होतं आणि मजूर आमच्यातलाच होता.

त्या दिवशी बसून तीन गोष्टी ठरवल्या. दादांना सुट्टी असेल तेव्हा ट्रॅक बंद, ढोलकी समोर. ट्रॅक वाजेल त्या प्रत्येक कार्यक्रमाच्या मानधनात त्यांचा वाटा. आणि गाण्याखाली कवीबरोबर वादकाचंही नाव. त्यानंतर दादांनी चार तास वाजवलं. शेवटच्या कडव्याला ते लय चढवतात, तीही रीपरमध्ये टप्प्याटप्प्याने वाढवून धरली. 'बाप' जागेवर आला.

तंत्रज्ञानाला नाकं मुरडणाऱ्यांशी आमचं जमत नाही. जलशाच्या फडावरचं भीमगीत कॅसेटने घराघरांत नेलं, हे विसरून कसं चालेल? आणि 'आधुनिक व्हा' म्हणत वादकाला घरी बसवणाऱ्यांशीही जमत नाही. साधन निवडताना किंमत आणि सोय बघाच. पण कुणाचे हात रिकामे होतात आणि कुणाचा शब्द दबतो, हेही त्याच बैठकीत विचारा.

दादांचे ठेके आमच्याकडे जपून ठेवलेत. ज्या गटाला हवेत त्यांनी दादांना विचारून घ्यावेत. त्यांचा वाटा द्यायचा आणि त्यांचं नाव लावायचं, एवढंच.

जयभीम!