आठ दिवसांचा हिशेब

गेल्या श्रावणातील गोष्ट. सोमवारी सकाळी सासूबाईंनी चहाचा कप बाजूला सारला आणि मला त्यांच्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. त्यांचे वय 86. अंगात ताप नव्हता. ‘वयाचा परिणाम,’ असे मनाशी म्हणून मी कामाला लागले. बुधवारी त्यांना जुलाब सुरू झाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएसचे पाणी घोट-घोट पाजत मी त्यांना सावरले. गुरुवारी तळमजल्यावरच्या आजोबांना, जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे, रुग्णालयात न्यावे लागले. शनिवारी रखवालदाराची पत्नी जिन्यात भेटली. तिची दोन्ही मुले आधीच्या रविवारपासून आजारी होती. तेव्हा कुठे मी पालिकेच्या दवाखान्यात फोन केला. सोमवारी कर्मचारी आले, त्यांनी पाण्याचे नमुने घेतले आणि गटाराशेजारी फुटलेली जलवाहिनी शोधून काढली.

हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण सातारा जिल्ह्यातील एका उपकेंद्रात मी अनेक वर्षे आरोग्यसेविका होते. साथीची पहिली चाहूल टिपणे हेच माझे काम होते.

1994 मध्ये सुरतेत प्लेगच्या साथीने उडालेला हाहाकार अनेकांना आठवत असेल. अशा साथींची सूचना वेळेवर मिळावी म्हणून पुढे देशभर यंत्रणा उभारली गेली. नोव्हेंबर 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन प्रकारचे तक्ते असत. लक्षणांवरून आरोग्यसेविकेने भरायचा ‘एस’, डॉक्टरांच्या प्राथमिक निदानाचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेने भरायचा ‘एल’. सोमवार ते रविवार असा आठवडा मोजून मी ताप, खोकला, जुलाब, कावीळ यांच्या रुग्णांची संख्या लिहीत असे. एकही रुग्ण नसेल तर ‘शून्य’ लिहून कळवणेही आवश्यक असे. कारण कोरा कागद आणि शून्य यांचा अर्थ एक नव्हे. 2021 पासून ही माहिती संगणकीय मंचावर जवळजवळ तत्काळ भरली जाऊ लागली आणि लक्ष ठेवायच्या रोगांची संख्या 33 झाली.

अशा यंत्रणेचे मूल्यमापन करताना जाणकार काही साधे प्रश्न विचारतात. पहिला रुग्ण आजारी पडल्यापासून सूचना मिळेपर्यंत किती दिवस गेले? प्रत्यक्ष रुग्णांपैकी किती नोंदले गेले? नोंदींत सर्व थरांतील माणसे आली का? आणि सूचना मिळाल्यावर कोणी हालचाल केली का?

आजोबा घरी परतल्यावर एका रात्री मी हेच प्रश्न आमच्या इमारतीला लावले. रविवार ते शनिवार, सूचना जाण्यास सहा दिवस. शनिवार ते सोमवार, पथक येण्यास दोन दिवस. एकूण आठ. सरकारी दिरंगाईवर बोट ठेवण्याची सवय आपल्या सर्वांनाच असते. परंतु या हिशेबातले मोठे सहा दिवस आमचे होते. रुग्ण तीन घरांतले, डॉक्टर तीन निराळे, तिघेही खासगी. प्रत्येकाला एकेकच घर दिसले. तीन टिंबे जोडणारी रेघ कोणाच्याच हाती नव्हती.

ती रेघ ओढली गेली तर काय घडते, हे केरळने 2018 मध्ये दाखवून दिले. कोझिकोडच्या एका खासगी रुग्णालयातील डॉक्टरांनी समोरच्या रुग्णाचा आजार त्याच घरातील आधीच्या मृत्यूशी जोडून पाहिला आणि नमुना तपासणीला धाडला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने निपाहचे निदान पक्के केले. संगणक नंतर आला. आधी कोणाला तरी शंका आली.

आणखी एक गोष्ट मला सलते. आमच्या तक्त्यात ‘ताप’ होता, ‘गोंधळलेले बोलणे’ नव्हते. वृद्धांमध्ये जंतुसंसर्ग अनेकदा तापावाचून येतो. अन्नावरची वासना जाते, झोपाळलेपण येते, तोल जातो, माणसांची ओळख चुकते. सासूबाईंचा नाकारलेला चहा ही कदाचित पहिली सूचना होती, आणि मी ती वयाच्या खात्यात जमा केली. वृद्धांची ही लक्षणे कोणत्याही यंत्रणेला आपोआप दिसत नाहीत. ती दिसतात उशाशी बसणाऱ्या माणसाला.

म्हणून आता देव्हाऱ्याशेजारी एक वही ठेवली आहे. वागण्यात अचानक बदल दिसला की तारीख लिहायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचे. शेजारी, कामवाल्या बाई, रखवालदार यांच्याकडे कोणी तसेच आजारी आहे का, याची चौकशी करायची. दुसरे घर सापडले की तिसऱ्याची वाट न पाहता जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंना कळवायचे. शंका खोटी ठरली तर एक फोन वाया जाईल, इतकेच.

आजोबा आता वॉकर घेऊन चालतात. पूर्वी ते रोज सकाळी स्वतः दूध आणायला जात. माझी भेट झाली की हसून सासूबाईंची विचारपूस करतात. मी बुधवारीच त्यांचे दार ठोठावले असते तर, हा विचार त्या वेळी मनात येतो. त्यांना मी तो अजून बोलून दाखवलेला नाही. वही मात्र रोज उघडते. बहुतेक दिवशी तिच्यात ‘शून्य’ लिहिते, आणि ते लिहिताना बरे वाटते.