घोडीसाठी जुनी पिकअप घेताना

तुळशीचं लग्न लागलं की भंडारा जिल्ह्यात आमच्या घोड्यांचा हंगाम सुरू होतो. तुमसर, मोहाडी, साकोली, पवनी, लाखांदूर, कुठूनही बोलावणं येतं आणि नवरदेवाला मांडवापर्यंत मिरवत न्यायला घोडी वेळेवर दारात हवी असते. बाबांच्या काळात ती पायीच जायची. आदल्या दिवशी निघायचं, रात्री ओळखीच्या कुणाच्या गोठ्यात मुक्काम करायचा, सकाळी घोडीला धुऊन-पुसून तयार करायचं. आता नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या मधून जातो. त्या वाहतुकीच्या कडेनं रात्री जनावर चालवत नेणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. म्हणून गेली अनेक वर्षं आम्ही भाड्याच्या पिकअपवर अवलंबून होतो.

भाड्याची गाडी सकाळी सिमेंट नेते, दुपारी राइस मिलचा कोंडा नेते आणि संध्याकाळी आमची घोडी. हौद्याचा पत्रा गुळगुळीत, बाजूचे फाळके बुटके आणि चालकाला पुढचं भाडं गाठायची घाई. नालाचं लोखंड पत्र्याच्या लोखंडावर टिकत नाही. एकदा लाखनीच्या अलीकडे जोरात ब्रेक लागला आणि आमची चांदणी गुडघ्यांवर आली. जखम भरली, पण पुढे कित्येक महिने उघडा फाळका दिसला की ती पाय रोवून उभी राहायची, कान मागे टाकायची, घामानं भिजायची. ते पाहूनच घरात ठरलं की आता गाडी स्वतःची घ्यायची.

नवी घेणं परवडणारं नव्हतं. पावसाळ्यात लग्नं थांबतात, गाडी कार्तिकापर्यंत उभी राहते आणि हप्ता मात्र दर महिन्याला जातो. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरचे शर्यतीचे घोडे खास बांधलेल्या गाड्यांतून जातात. आमच्या भागात तशी गाडी विकायला येत नाही. इथे चांगली जुनी पिकअप शोधायची आणि तिचा हौदा घोड्याजोगा करून घ्यायचा, हाच मार्ग.

अशी गाडी कुठे मिळेल, तर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या मैदानावर, असं बाबा म्हणाले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती थांबवल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. पट पुन्हा भरू लागले, तशा बैलजोड्या पिकअपमधून मैदानावर येऊ लागल्या. ज्यानं जोडीला लेकरासारखं जपलंय, त्यानं तिच्या पायाखालचा पत्राही पाहिलेला असतो. मी गावोगावच्या पटांवर विचारत राहिलो, गॅरेजवाल्यांना सांगून ठेवलं.

पहिली गाडी मात्र मोबाइलवरच्या फोटोंतून समोर आली. एमएच-४० पासिंगची, म्हणजे नागपूर ग्रामीणची. रंग नवा, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. विकणारा म्हणाला, “भाऊ, आज टोकन टाका, उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे.” मी आरसी बुकाचा फोटो मागवला. नाव वेगळ्याच माणसाचं होतं आणि खाली कर्जाचा बोजा चढवलेला होता. “नावाचं नंतर पाहू जी, गाडी तर घेऊन जा,” असं तो म्हणाला, तेव्हा मी तिथेच थांबलो.

थांबण्याचं कारण साधं आहे. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याकडून कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय तो उतरत नाही, आणि तोवर गाडी खऱ्या अर्थानं विकणाऱ्याची नसते. नाव न बदलता गाड्या हातोहात फिरतात, त्याचा परिणाम काय होतो हे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती, आणि अपघाताची भरपाई त्याच नोंदलेल्या मालकावर आली. म्हणजे नाव न बदलणं विकणाऱ्यालाही महागात पडतं. घेणाऱ्याच्या हाती तर पैसे देऊनही मालकीचा कागद नसतो. गाडी न दाखवता आगाऊ पैसे मागणारा, फौजी असल्याचं सांगून बदलीची घाई दाखवणारा, अशा लोकांनी कितीतरी कुटुंबांना बुडवलं आहे. त्यांच्याशी वाद घालू नये, बोलणं संपवावं.

पुढे तुमसरच्या बाजूच्या एका गावातून निरोप आला. म्हातारपणामुळे एका पटवाल्यानं जोडी विकली होती, आता गाडी काढायची होती. एमएच-३६, म्हणजे आपलंच भंडारा पासिंग. मी आदल्या रात्री फोन करून विनंती केली, “काकाजी, सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कसा सोडतं, हे गरम करून ठेवलेल्या गाडीत कळत नाही. काकाजी म्हणाले, “या जी बापू, बोनेटला हात लावूनच पाहा.” सोबत आमचा मिस्त्री होता. गाडी दिवसाउजेडी, विकणाऱ्याच्या दारात आणि आपल्या माणसाला सोबत घेऊन पाहावी. त्यामुळे घर कळतं, शेजारी कळतात, गाडी कुणाच्या हातात होती हे कळतं.

मिस्त्री इंजिनाकडे वळला आणि मी हौद्यात चढलो. जनावरं नेलेल्या गाडीचा खरा आजार तळाला असतो. मूत्र पत्र्याच्या सांध्यांत झिरपतं, क्षारानं लोखंड आतून खातं आणि वरून रंग मारला की काही दिसत नाही. मी काथ्याची चटई उचलायला लावली आणि पेचकसाचं टोक जागोजागी दाबत गेलो. मागच्या कोपऱ्यात ते आत रुतलं. मग गाडीखाली आडवा होऊन पत्र्याला पेलणारे आडवे चॅनल पाहिले. ते शाबूत होते, चेसिसला कुठे वेल्डिंगचं ठिगळ नव्हतं, कमानपाटे तुटलेले नव्हते. कोपऱ्याचा पत्रा बदलता येतो. चॅनल सडले असते तर मी तिथूनच परत फिरलो असतो, कारण साडेतीनशे-चारशे किलोची घोडी चार छोट्या खुरांवर उभी असते आणि सगळा भार त्या चार जागांवरच येतो.

नंतर फाळक्याच्या बिजागऱ्या, खिट्या, साखळ्या पाहिल्या. घोडा घाबरला की मागे रेटतो, तेव्हा त्याला थोपवणारी शेवटची गोष्ट ती खिटीच असते. सायलेन्सरचा धूर हौद्यात शिरतो का, हेही मागे उभं राहून पाहिलं. मग काकाजींच्याच घरची धानाची दहा पोती हौद्यात रचली. चाळीस किलोच्या भरतीनं ते एका घोडीचं वजन झालं. एवढ्या भारावर ब्रेक कसे लागतात, गाडी एका बाजूला ओढते का, वळणावर किती कलते, हे मिस्त्रीनं गावच्या रस्त्यावर पाहिलं. तो हळू चालवत असताना मी पोत्यांजवळ उभा राहिलो. क्लच सोडतानाचा हिसका आणि खड्ड्याचा दणका पायांना कसा लागतो, ते तिथेच कळतं. विकणारा आपली बाजू मांडतो, घेणारा आपली मांडतो. घोडीची बाजू मात्र कुणी मांडत नाही, ती तिच्या जागी उभं राहूनच समजून घ्यावी लागते.

मग टेप काढला. हौदा साडेआठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, म्हणजे साधारण ४.३ चौरस मीटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-ई नुसार जनावरांच्या गाडीत प्रत्येकासाठी पक्का वेगळा कप्पा लागतो. गाय-म्हशीसाठी किमान २ चौरस मीटर, घोडा-घोडीसाठी २.२५. काकाजी म्हणाले, “माझे दोन बैल आरामात उभे राहत.” ते खरंच होतं, दोन बैल त्या मापात बसतात. दोन घोड्यांना साडेचार चौरस मीटर लागतात, म्हणून बसत नाहीत. भाड्याच्या गाड्यांत आमच्या दोन्ही घोड्या दाटीवाटीनं नेल्या जात. आता एका खेपेला एकच, हे मी तिथेच ठरवलं आणि किमतीचं बोलणंही तेवढंच काम देणारी गाडी धरून केलं.

कागद मात्र मी शांतपणे, एकेक करून पाहिले. चेसिस आणि इंजिनवर कोरलेला नंबर आरसीशी ताडला. एम-परिवहन ॲपवर फिटनेस, विमा, बोजा आणि थकलेले ई-चलान तपासले. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावं लागतं आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. ते कुणी भरायचं, हे आधीच ठरवलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडी दुसऱ्या राज्याची असती तर फॉर्म २८ चं ना हरकत प्रमाणपत्रही लागलं असतं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत मालकी बदलल्याचं परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवस मिळतात. मालवाहू गाडीच्या विम्यात घोडी आपोआप येत नाही, तिचा विमा वेगळा काढावा लागतो.

पैसे मी बँकेतून दिले, तेही आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. सौदाचिठ्ठीत ताबा घेतल्याची तारीख लिहिली आणि वेळही लिहिली, म्हणजे त्याआधीचं चलान काकाजींचं आणि नंतरचं माझं. काकाजींनी चिठ्ठी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, “असंच पाहिजे जी. तुमचीही झोप जाऊ नये आणि माझीही.”

घरी आणल्यावर मागचा पत्रा बदलला. तळाला जाड रबरी चटई आणि तिच्यावर काथ्या आला. फाळके उंच केले, आतून गादी लावली, चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली लाकडी फळी केली. जनावरांसाठी अशी बदललेली गाडी परिवहन कार्यालयाला दाखवून वेगळा परवाना घ्यावा लागतो, तोही घेतला. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत घोड्यांबद्दल ज्या गोष्टी लिहिल्या आहेत, त्या लिहिणाऱ्याला घोडा कळत होता, हे वाचताना जाणवलं. तोंड डावीकडे ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांना तो बिचकणार नाही. मागे दोन मजबूत आडव्या फळ्या द्या. सोबत माणूस हवा. वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको.

चांदणीला आम्ही लगेच कुठे नेलं नाही. अंगणात गाडी उभी करून फळीवर चारा ठेवला, मग हौद्यात ठेवला. ती आपल्या मनानं चढू-उतरू लागल्यावर इंजिन सुरू केलं, आणि त्यालाही ती सरावल्यावर गावाबाहेर एक फेरी मारली. आता साकोलीला पोचायला सव्वा तास तरी लागतो आणि ती कोरड्या अंगानं उतरते. सुपारी घेतानाच मी यजमानांना सांगतो की आम्ही लवकर निघू, पण गाडी पळवणार नाही. समजावून सांगितलं की बहुतेकांना ते पटतं.

जिल्ह्यातल्या माझ्या घोडेवाल्या भावांना एवढंच सांगणं आहे. नवरदेवाचा मान आपली घोडी पाठीवर वाहते, तर तिला मांडवापर्यंत धड नेणं आपल्यावर आहे. जुनी गाडी घ्यायला लाज नाही आणि घाईही नाही. विकणारा चांगला असेल तर तो चटई उचलू देतो, पोती भरू देतो, परिवहन कार्यालयात सोबत येतो. यातल्या एकालाही तो नाही म्हणाला, तर किंमत कितीही खाली आली तरी सौदा सोडा. दुसरी गाडी मिळते. पाय मोडलेली घोडी पुन्हा वरातीत उभी राहत नाही.