बाबांच्या फोनची काच

आमच्या काचीगुड्याच्या घरात टीव्हीच्या रिमोटवर आजही प्लॅस्टिकचं कव्हर आहे. ते इतकं पिवळं पडलंय की निम्मे आकडे दिसत नाहीत, पण बाबांना ते पाठ आहेत. आम्ही शाळेत असताना जून महिन्यात पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचा कार्यक्रम दोन दिवस चालायचा. कोपरा कसा मुडपायचा, कागद किती ताणायचा, हे बाबा जवळ बसून दाखवायचे. वस्तू जपायला मी ज्यांच्याकडून शिकलो, त्यांच्याच फोनची काच फुटायला मी कारण झालो. ती कशी, ते आज लिहितोय, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच चाललं असणार.

मी हायटेक सिटीत नोकरी करतो आणि कोंडापूरला राहतो. आई-बाबा काचीगुड्याच्या जुन्या घरात. दोन वर्षांपूर्वी मी नवा फोन घेतला आणि जुना बाबांना दिला. मुलाचा जुना फोन वडिलांकडे, वडिलांचा आईकडे, ही वंशावळ आता घरोघरी आहे. माझ्या त्या फोनवरच्या टेम्पर ग्लासचा एक कोपरा तडकला होता. बाबांना असा फोन कसा द्यायचा, म्हणून मी ती ग्लास सोलून काढली, स्क्रीन स्वच्छ पुसली. आई म्हणाली, "अगदी नव्यासारखा दिसतोय रे!" त्याच संध्याकाळी माझ्या नव्या फोनला मी चांगलं जाड कव्हर आणि भारीतली ग्लास लावून घेतली. बाबांच्या फोनला पुढच्या रविवारी लावू म्हटलं. तो रविवार दोन वर्षं आला नाही.

बाबा मात्र फोन त्यांच्या परीने जपत होते. आईने जुन्या खणाच्या कापडाची छोटी पिशवी शिवून दिली होती. फोन तिच्यात, पिशवी सदऱ्याच्या खिशात. सकाळी फिरायला, मग भाजीला, मग वाचनालयात. फोन काढला की आधी रुमालाने खसाखसा पुसायचा आणि मग बोलायचं.

गेल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी आईला स्वयंपाकघरात चक्कर आली आणि ती खालीच बसली. बाबांनी मला फोन लावायला घेतला, तर लॉकच उघडेना. बोटांचे ठसे त्या फोनला कधीच नीट ओळखू यायचे नाहीत, म्हणून मीच त्यांना ठिपके जोडायचं लॉक लावून दिलं होतं, इंग्रजी झेडच्या आकाराचं. झेड काढायचा तर बोट मधल्या ठिपक्यावरून जायलाच हवं, आणि स्क्रीनचा नेमका मधला पट्टा मेलेला. आईचा फोन रिचार्ज संपल्यामुळे बंद. बाबांनी पाच-सहा वेळा झेड काढून पाहिला, मग फोन खिशात टाकला आणि जिना चढून वरच्या तेलुगू शेजाऱ्यांचं दार वाजवलं.

शेजारी देवमाणूस. आईला रिक्षात घालून जवळच्या डॉक्टरांकडे नेलं आणि तिथूनच मला फोन केला. कोंडापूरहून काचीगुड्याला पोहोचायला मला दीड तास लागला. त्या दीड तासाबद्दल लिहीत नाही. आईचा रक्तदाब एकदम उतरला होता. सलाइन लावलं, गोळीची मात्रा कमी केली आणि रात्री नऊच्या आत आम्ही तिला घरी आणलं.

आई झोपल्यावर मी फोन मागितला. बाबांनी तो पिशवीसकट हातात ठेवला. खालच्या कोपऱ्यातून निघालेली चीर स्क्रीनच्या मध्यापर्यंत गेलेली, आणि तिथून आडव्या दोन-तीन रेघा. आठ दिवसांपूर्वी ओट्यावरून पडला होता म्हणे.

"बाबा, सांगितलं का नाहीत?"

"अरे, चालत होता की. अंगठा जरा खालून फिरवला की फोन घेता यायचा. कधीकधी नाही घेता यायचा, एवढंच."

त्या आठवड्यात त्यांनी माझे दोन फोन उचलले नव्हते आणि मी त्यांना चांगलं सुनावलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, आवाज बंद राहिला होता.

मग थोडं थांबून म्हणाले, "तुझा फोन होता ना तो. तू दिलास आणि मी फोडला. म्हटलं, तुला वाईट वाटेल."

मला काही बोलता आलं नाही. हातात काहीतरी हवं म्हणून मी पेपर पसरून ती खणाची पिशवी उलटी केली. तळातून चिमूटभर करडी पूड पडली. बारीक, खरखरीत. शेजारच्या प्लॉटवर वर्षभर अपार्टमेंटचं काम चाललंय. दिवसभर ग्रॅनाइटच्या लाद्या कापतात. ती धूळ आमच्या खिडक्यांवर, पायऱ्यांवर, तुळशीवर बसते. पिशवीतही बसली होती.

आपल्याला वाटतं, खिशातल्या किल्ल्या आणि नाणी फोनवर चरे पाडतात. बहुतेक वेळा तसं नसतं. कोणता पदार्थ कोणावर चरा पाडू शकतो याची एक जुनी मोजपट्टी आहे. फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने 1812 साली ती मांडली. शंखजिऱ्याला 1, हिऱ्याला 10. फोनची काच साधारण 6 च्या आसपास येते. पितळेची किल्ली त्याच्या खूप खाली, साधं पोलादही थोडं खालीच. पण वाळूतली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, 7. तिचा एक कण काचेवर दाबून फिरवला की चरा पडणारच. आणि ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असतेच. आपलं हैदराबाद तर ग्रॅनाइटवरच वसलंय. गोवळकोंड्याची टेकडी, मौला अलीचा डोंगर, दुर्गम चेरुवूभोवतीचे खडक, सगळे त्याच दगडाचे. या गावची धूळ फोनच्या काचेपेक्षा कठीण आहे. बाबा रोज रुमालाने फोन पुसत होते, म्हणजे खरं तर पॉलिश पेपरने घासत होते. एवढी काळजी त्यांनी घेतली नसती, तर कदाचित चरे कमी पडले असते.

चरा म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न, असंही मी तोवर धरून चाललो होतो. फोनची काच साधी नसते. वितळलेल्या पोटॅशियम क्षाराच्या साधारण 400 अंश सेल्सिअस तापमानाच्या कुंडात ती बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. तिघांच्या बाकावर चौघं बसले की जसे दाटीवाटीने घट्ट बसतात, तसा काचेचा वरचा थर आतून आवळला जातो. कॉर्निंग या अमेरिकी कंपनीने अशी काच 1960 च्या दशकातच केली होती. तिला खरं गिऱ्हाईक मिळालं ते 2007 साली आयफोन आल्यावर. काच फुटते ती ताण पडून, आणि तडा बहुधा पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक खोचेपासून सुरू होतो. वरचा थर आवळलेला असेल तोवर ती खोच उघडत नाही. पण हा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढाच जाड असतो. खोल चरा त्याच्या पार गेला की तिथली ताकद संपली. मग फोन पडायचा अवकाश. ओट्याच्या उंचीवरून बाबांचा फोन पडला तेव्हा पहिला मार कोपऱ्याला बसला, आणि चीर जायला तयार चरे आधीच होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. फोन दुरुस्तीला देण्याआधी त्यातले फोटो काढून घ्यायचे होते. स्क्रीन दिसत होती, फक्त बोट लागत नव्हतं. अशा वेळी एक साधा उपाय आहे. ओटीजी नावाचा छोटा जोड मिळतो. तो फोनला लावून त्यात कॉम्प्युटरचा माऊस खोचायचा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण उमटतो आणि सगळं माऊसने चालवता येतं. मी माऊसने झेड काढला आणि लॉक उघडलं. बाबा बघत राहिले. म्हणाले, "काल हे माहीत असतं तर?" काल माझ्या मुलीचा माऊस काचीगुड्याला नसता, हे मी बोललो नाही.

मग आम्ही दोघं कोठीला गेलो. दुकानातल्या पोराने फोन उजेडात तिरका धरला आणि म्हणाला, "साब, खाली ग्लास नक्को, पूरा फोल्डर डालना पडता." फोल्डर म्हणजे काच, स्पर्श ओळखणारा थर आणि डिस्प्ले, सगळं एकत्र चिकटवलेलं. 2800 रुपये. त्यावर लावायची टेम्पर ग्लास 150 रुपये. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि गप्प बसलो.

तासभर थांबायचं होतं, तेव्हा त्याच्याशी गप्पा मारल्या. डब्यावर 9 एच लिहिलेलं असतं, ते ऐकून आपल्याला हिऱ्याच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं. तो आकडा मोसच्या पट्टीवरचा नाही, पेन्सिलींच्या कठीणपणाचा आहे. टेम्पर ग्लासही शेवटी काचच. वाळूने तिच्यावरही चरे पडतात. तिचं काम आपण पुढे होऊन मार खाण्याचं. म्हणून तिचा कोपरा तडकला की चालवून घ्यायची नाही, बदलायची. कव्हर घेताना त्याची कड स्क्रीनपेक्षा थोडी वर आलेली पाहायची, म्हणजे फोन पालथा पडला तरी आधी कड टेकते. पातळ डिंक ओतून निळ्या दिव्याखाली सुकवायची ग्लास मिळते, पण तो डिंक स्पीकरच्या भोकांत शिरू शकतो; ती घरी लावायच्या भानगडीत पडू नये. ठसा स्क्रीनखाली ओळखणारा फोन असेल तर जाड ग्लासवरून तो ओळखला जाईल का, ते आधी विचारावं. आणि चरे घालवायला टूथपेस्ट चोळू नये. तिने चरा जात नाही, काचेवरचा तेल धरू न देणारा थर मात्र जातो.

पोराने नव्या स्क्रीनवर चिकटपट्टी टेकवून टेकवून धुळीचा एकेक कण उचलला, ग्लास टेकवली, मधोमध बोट दाबलं आणि ती कडेपर्यंत पसरत गेली. बाबा चष्मा सावरून बघत होते. "कव्हर घालायची हीच पद्धत," ते मला म्हणाले. "मधून कडेकडे जायचं. हवा राहत नाही."

घरी आल्यावर मी जे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं ते केलं. लॉक न उघडताही त्या पडद्यावरून 112 किंवा 108 ला फोन लावता येतो, ते बाबांना करून दाखवलं. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की मदतीचा फोन लागतो. त्या यादीत माझा नंबर टाकला. आवाजाचं बटण दाबून फोन उचलायची सोय त्या फोनमध्ये होती, ती सुरू केली. आईचं रिचार्ज माझ्याकडे घेतलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. मी रोज आठ तास दुसऱ्यांच्या सिस्टिम बंद पडू नयेत म्हणून नोकरी करतो. एक रस्ता तुटला तर दुसरा तयार असायला हवा, हे आमच्या धंद्याचं पहिलं वाक्य. घरात मात्र सगळी मदार एका उघड्या काचेवर होती, आणि ती मीच तशी ठेवली होती.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी काचीगुड्याला गेलो की बाबा न सांगता फोन काढून देतात, जशी मी त्यांना वही दाखवायचो तशी. मी ग्लासचे कोपरे बघतो. पिशवी झटकून धुवायला टाकतो. आईने नवी शिवली आहे, दोन कप्प्यांची, किल्ल्या वेगळ्या. फोन पुसायचा तर आधी फुंकर, मग चष्म्याचं मऊ कापड किंचित ओलं करून, हे बाबांनी मान्य केलंय. रुमाल अजून अधूनमधून निघतोच.

आपली माणसं फुटलेल्या गोष्टी दाखवत नाहीत. आपणच मागून घेऊन बघायच्या. या रविवारी घरी गेलात तर फोन हातात घ्या आणि लॉक त्यांना उघडायला सांगा. बोट कुठे अडतंय, ते लगेच कळेल.

मागच्या खेपेला मी टीव्हीच्या रिमोटचं कव्हरही बदललं. नवीन पारदर्शक आणलं; आता सगळे आकडे दिसतात. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "जुनं फेकू नकोस. असू दे."